आय, माय, ही, दे : खेळता खेळता इंग्रजी सर्वनामे

आय, माय, मी, ही, शी, दे. वाचकहो, हे सहा शब्द मराठी आहेत की इंग्रजी? घरातल्या आजीला विचाराल तर ती म्हणेल, यात इंग्रजी कसले? आय म्हणजे आई. माय म्हणजेही आईच. मी म्हणजे मी. ही म्हणजे ही इथे बसलेली पोर. शी म्हणजे घाण. आणि दे म्हणजे दे, हातात ठेव. शाळेत जाणारा नातू मात्र सांगेल, आय म्हणजे मी, माय म्हणजे माझा, ही म्हणजे तो, शी म्हणजे ती आणि दे म्हणजे ते सगळे. दोघांचेही खरे आहे. कानावर पडणारा आवाज एकच, पण अर्थ दोन गावचे.

मोठ्यांना यात गंमत वाटते. पण पहिली-दुसरीतल्या लेकराच्या जागी उभे राहून पाहा. ज्या कानाने सहा वर्षे 'ही' म्हणजे जवळची मुलगी असेच ऐकले, त्याच कानाला आता सांगितले जाते की 'ही' म्हणजे मुलगा. फळ्यावर तक्ता लिहिला जातो, मुले तो तालात म्हणतात, आठ दिवसांत पाठही होतो. पण 'माझी बहीण पाचवीत आहे, तिचे नाव सांग' एवढे इंग्रजीत बोलायचे झाले की तेच मूल खाली मान घालते. तक्ता पाठ आहे, पण बोलायला तोंड उघडत नाही.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० सालापासून. त्याआधी ती पाचवीपासून असे. म्हणजे आज ज्यांची मुले शाळेत आहेत अशा अनेक आई-बापांनी इंग्रजी अक्षरे दहा-अकरा वर्षांचे झाल्यावर प्रथम पाहिली, आणि कित्येकांची शाळा त्याच सुमारास सुटली. त्यामुळे इंग्रजीची वही उघडली की घरातले मोठे माणूस बाजूला सरकते. 'मला नाही बाबा त्यातले कळत' असे म्हणते. मुलाला वाटते, हा विषयच आपल्या घरातला नाही. आम्हाला या वाटण्याचीच जास्त काळजी वाटते. व्याकरणाची चूक पुढे सुधारते. पण 'हे आपले नव्हे' असे एकदा मनात बसले की मूल दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला मागचा बाक धरून बसते, आणि पुढे अर्ज, मुलाखत, बढती अशा प्रत्येक वळणावर तो मागचा बाक त्याच्या सोबत येतो.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे हे गाव आहे. लेणी पाहायला आणि राजमाची चढायला मुंबई-पुण्याची माणसे या बाजूला येतात. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिले आहेत, खोपोलीकडे कारखाने आहेत. इथल्या तरुणाला चार वाक्ये इंग्रजी नीट बोलता आली, तर कामाच्या जागी त्याचा शब्द ऐकला जातो. प्रत्येक घराला इंग्रजी माध्यमाची फी परवडत नाही, आणि परवडावी असा आमचा आग्रहही नाही. मराठी शाळेत शिकणारे मूल इंग्रजीची पहिली पायरी घराच्या अंगणात, वस्तीच्या अभ्यासिकेत, बिनपैशाने चढू शकते. ती पायरी म्हणजे सर्वनामे. ती कशी चढावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

अडते कुठे?

आपल्या शालेय व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामे नऊ सांगतात : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. इंग्रजीची रोजच्या बोलण्यातली पुरुषवाचक सर्वनामे सात : आय, यू, ही, शी, इट, वुई, दे. आकडा लहान आहे. मग मुले अडखळतात का? आमच्या मते चार ठिकाणी सांधा हुकतो.

पहिले ठिकाण 'ते'. 'बाबा कामाला गेले, ते रात्री येतील' यातले 'ते' म्हणजे एक माणूस, मानाने घेतलेला. 'चार मजूर आले, ते जेवले' यातले 'ते' म्हणजे अनेक. 'ते झाड पडले' यातले 'ते' म्हणजे एक वस्तू. इंग्रजीत पहिल्याला ही, दुसऱ्याला दे, तिसऱ्याला इट. आपले मूल बापाविषयी लिहिताना 'दे' लिहिते आणि वहीवर लाल फुली येते. त्याने मान दिला म्हणून चूक झाली, हे त्याला कुणी सांगत नाही.

दुसरे ठिकाण 'तो' आणि 'ती'. मराठीत दगड तो, खुर्ची ती, पुस्तक ते. वस्तूंनाही लिंग आहे. म्हणून मूल खुर्चीला शी म्हणते. इंग्रजीत ही आणि शी मुख्यतः माणसांसाठी; निर्जीव वस्तू सगळ्या इट.

तिसरे ठिकाण 'त्याचा-तिचा'. मराठीत 'तिचा भाऊ', 'तिची वही', 'तिचे दप्तर' असा शब्दाचा शेवट वस्तूप्रमाणे बदलतो. त्यामुळे भाऊ पुरुष आहे असे पाहून मूल 'हिज ब्रदर' म्हणून जाते. इंग्रजीत मात्र ज्याचे आहे त्याच्याकडे पाहायचे. मुलीचा भाऊ असला तरी हर ब्रदर.

चौथे ठिकाण म्हणजे गाळलेला शब्द. 'जातो', 'येते', 'जेवलास?' एवढ्यावर आपले काम भागते. कोण जातो ते क्रियापदच सांगते, शिवाय बोलणारा बाप्या आहे की बाई तेही सांगते. इंग्रजीत क्रियापद एवढे बोलके नाही. त्याला पुढे कर्ता लागतोच. अगदी 'पाऊस पडतोय' म्हणायचे तरी 'इट इज रेनिंग' असे म्हणावे लागते. तिथला इट कुणाकडेच बोट दाखवत नाही, तरी तो जागेवर हजर हवा.

हे चारही सांधे नुसते समजावून सांगितले तर मुले जांभया देतील. खेळवले तर एका संध्याकाळी एक सांधा बसतो.

खेळच का?

सर्वनाम हा शब्द इतर शब्दांसारखा नाही. 'झाड' हा शब्द कुणीही उच्चारला तरी झाड तेच राहते. पण 'मी' कोण, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर ठरते. मी बोलले की मी म्हणजे मी. तुम्ही बोललात की मी म्हणजे तुम्ही. लहान बाळ आपल्याच भाषेत सुरुवातीला 'बाळाला पाहिजे' असे स्वतःचे नाव घेऊन बोलते, 'मला पाहिजे' असे म्हणायला त्याला काही काळ लागतो, याचे कारण हेच. घरात माणसे एकमेकांकडे पाहून, बोट दाखवून बोलतात, त्यातूनच बाळ ते उमगते. दुसऱ्या भाषेतही तीच वाट सोपी आहे. समोर माणूस हवा, हात हलला पाहिजे, जागा बदलली पाहिजे. तक्त्यात यांतले काहीच नसते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवण्याची एक रीत मांडली. आधी ऐकायचे, ऐकले ते अंगाने करून दाखवायचे, बोलणे मागाहून आपोआप येते, हा तिचा गाभा. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडला, परिसरातल्याच वस्तू आणि खेळ घेऊन गरिबांच्या मुलांना शिकवले. महागडी साधने आणली नाहीत. खेळ हा अभ्यासाचा शत्रू नव्हे, हे या बायांनी करून दाखवले आहे. तेव्हा कुणी 'खेळत काय बसलात, पुस्तक उघडा' म्हणाले तर त्यांना हे सांगावे.

आता खेळ. सात-आठ मुले पुरेत, चार असली तरी चालतील.

खेळ पहिला : बोट कुणाकडे?

'चिमणी उडाली, कावळा उडाला' हा खेळ सगळ्यांना येतो. तसाच हा. मुले गोल बसवावीत. आय म्हटले की हात स्वतःच्या छातीवर. यू म्हटले की तळहात समोरच्याकडे. ही म्हटले की एखाद्या मुलाकडे, शी म्हटले की मुलीकडे, इट म्हटले की वस्तूकडे. वुई म्हटले की शेजारच्यांच्या खांद्यांवर हात. दे म्हटले की गोलाबाहेरच्या दोघा-तिघांकडे. म्होरक्याने आधी सावकाश म्हणावे, मग भराभर. नंतर त्याने तोंडाने शी म्हणावे आणि हात मात्र मुलाकडे करावा. जो फसला तो पुढचा म्होरक्या. बाद कुणालाही करू नये. बाद झालेले मूल बसून राहते, आणि जे चुकते त्यालाच सरावाची जास्त गरज असते.

खेळ दुसरा : सांधा बदला

कर्जतला रूळ फुटतात, एक वाट घाट चढून पुण्याला जाते, दुसरी खोपोलीला. गाडी कुठल्या रुळावर घालायची ते सांध्यावर ठरते. या खेळात एक मूल सांधेवाला. तो 'मराठी' असे ओरडला की सगळ्यांनी मराठी अर्थ करून दाखवायचा, 'इंग्रजी' म्हणाला की इंग्रजी अर्थ. मग शब्द टाकायचे. मराठी रुळावर 'दे' म्हटले की हातातला खडा शेजाऱ्याला द्यायचा. इंग्रजी रुळावर 'दे' म्हटले की लांबच्या घोळक्याकडे हात करायचा. मराठीत 'आय' म्हटले की जवळपासच्या एखाद्या मावशीकडे धावायचे, इंग्रजीत 'आय' म्हटले की आपल्या छातीवर हात. 'माय' मराठीत आई, इंग्रजीत आपली वस्तू उचलून दाखवायची. 'ही' मराठीत जवळची मुलगी, इंग्रजीत मुलगा. 'शी' मराठीत नाक दाबायचे, इंग्रजीत मुलीकडे हात.

'शी' म्हटल्यावर मुले हसतील. हसू द्यावे. वर्गात ज्या शब्दाला चोरून हसावे लागते त्याला इथे मोकळेपणी हसले की तो शब्द पक्का होतो. 'मी' हा शब्द जरा वेगळा आहे. दोन्ही भाषांत तो बोलणाऱ्याचाच आहे, पण इंग्रजीतला मी म्हणजे आपला 'मला'. म्हणून इंग्रजी रुळावर 'गिव्ह मी' असे जोडीनेच म्हणावे आणि हात पसरावा.

खेळ तिसरा : चिंध्यांचा चेंडू

जुन्या कपड्यांचा चेंडू करावा. तीन मुले उभी करावीत. पहिले फेकते आणि म्हणते, 'आय थ्रो'. दुसरे झेलते आणि म्हणते, 'आय कॅच'. तिसरे क्रिकेटच्या समालोचकासारखे दोघांकडे पाहून सांगते, 'शी थ्रोज, ही कॅचेस'. मग जागा बदलायच्या. मघाचा समालोचक आता फेकणारा झाला, म्हणजे मघाचा 'ही' आता 'आय' झाला. एकच पोर तीन मिनिटांत आय, यू आणि ही होऊन येते. आणि ही-शी आले की क्रियापदाच्या शेवटी 'स' येतो, हे नियम न सांगता कानात बसते.

खेळ चौथा : मालक बघ, माल बघू नको

प्रत्येकाने आपली एक वस्तू चादरीखाली ठेवावी : चप्पल, रिबीन, पेन्सिल, डबा. एकाने हात घालून वस्तू काढावी आणि विचारावे, 'हूज इज धिस?' बाकीच्यांनी ओळखून सांगावे, 'इट इज हर टिफिन', 'इट इज हिज पेन्सिल'. ज्याची आहे त्याने उठून म्हणावे, 'इट इज माय पेन्सिल'. दोघांची सामाईक वस्तू निघाली तर 'इट इज अवर बॉल'. कुणी चुकले तर सगळ्यांनी एका सुरात म्हणावे, 'मालक बघ, माल बघू नको.' दुसऱ्या फेरीत घरातला एकत्र फोटो घ्यावा आणि नाती सांगावीत. काकूच्या भावाकडे बोट ठेवून 'हर ब्रदर', मामाच्या मुलीकडे बोट ठेवून 'हिज डॉटर'. या फेरीत आजीला पंच करावे. इंग्रजी येत नसले तरी कोण कुणाचे, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक?

खेळ पाचवा : मामाचे पत्र

पत्र हरवण्याचा आपला जुना खेळच. गोल बसायचे, एकाने पाठीमागून फिरत कुणाच्या तरी मागे गुपचूप रुमाल टाकायचा. टाकून झाल्यावर त्याने विचारायचे, 'हू हॅज द लेटर?' ज्याला संशय येईल त्याने बोट दाखवून म्हणायचे, 'शी हॅज इट' किंवा 'ही हॅज इट'. समोरासमोर बोलायचे तर 'यू हॅव इट'. रुमाल आपल्याच मागे सापडला तर 'आय हॅव इट' म्हणत पळायचे. या खेळात इट सारखा तोंडात येतो, आणि पत्र मराठीत 'ते' असूनही इंग्रजीत दे होत नाही, हे अंगवळणी पडते.

खेळ सहावा : एक की अनेक?

जुन्या कॅलेंडरांतली, वर्तमानपत्रांतली चित्रे कापून घ्यावीत. एक म्हातारा, चार कामकरी, एक बाई, एक घर, मुलांचा घोळका. म्होरक्या चित्र दाखवून मराठीत म्हणतो, 'ते कामाला निघाले.' मुलांनी चित्र पाहायचे. माणूस एक असेल तर एक बोट वर करून 'ही', अनेक असतील तर सगळी बोटे पसरून 'दे', वस्तू असेल तर मूठ दाखवून 'इट'. 'त्या आल्या' म्हटले आणि चित्रात एकच बाई असेल तर 'शी'. आपल्या भाषेत मान दिला की एकाचे अनेक होतात, इंग्रजीत मान देऊनही एक तो एकच राहतो, एवढे या खेळानंतर मुलांना दोन वाक्यांत सांगावे.

खेळ सातवा : इंजिन जोडा

मुलांनी डबे व्हायचे. कागदाच्या पट्ट्यांवर आय, यू, ही, शी, इट, वुई, दे लिहून सात मुलांच्या छातीवर लावावे. ही झाली इंजिने. ॲम, इज, आर हे तीन मधले डबे. गोइंग, ईटिंग, रेनिंग हे मागचे. म्होरक्या मराठीत नुसते 'जातोय' म्हणतो आणि एकाकडे बोट करतो. त्याप्रमाणे इंजिन, मधला डबा आणि मागचा डबा जुळून गाडी धावली पाहिजे : 'ही इज गोइंग'. इंजिन नसेल तर गाडी हलत नाही, सगळ्यांनी जागीच उभे राहायचे. 'पाऊस पडतोय' म्हटले की इटने धावत पुढे यायचे. 'ये', 'बस', 'उठ' अशी आज्ञा मात्र इंग्रजीतही इंजिनाशिवाय धावते, ती सवलत शेवटी सांगावी.

लेण्यातली एक ओळ

कोंडाण्याच्या परिसरातल्या मुलांना एक धडा डोंगरातच कोरून ठेवलेला आहे. इथले चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या दर्शनी भागात डाव्या बाजूला, एका मोडलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक लहानशी ओळ आहे. तिचा अर्थ असा की, कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. कारागिराने 'मी' म्हटलेले नाही. आधी गुरूचे नाव घेतले, मग आपले, आणि मग केलेले काम.

हिवाळ्यात, वाट कोरडी असताना, मुलांना तिथे न्यावे. पावसाळ्यात लेण्यावरून धबधबा कोसळतो आणि वाट निसरडी होते, तेव्हा लहान मुलांना नेऊ नये. लेण्याला हात न लावता, भिंतीवर काही न लिहिता, समोरच्या मोकळ्या जागेत बसून खेळावे. एकाने विचारायचे, 'हू मेड इट?' दुसऱ्याने सांगायचे, 'बलक मेड इट'. तिसऱ्याने नाव गाळून, 'ही मेड इट'. चौथ्याने, 'कान्हा वॉज हिज टीचर'. मग प्रत्येकाने आपल्या घरातले एक काम सांगायचे. आईने शिवलेली गोधडी असेल तर 'शी मेड इट'. बाबांनी आणि काकांनी मिळून बांधलेली भिंत असेल तर 'दे मेड इट'. आपण सगळ्यांनी केलेला चेंडू असेल तर 'वुई मेड इट'. हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर राहू शकते, हे मुलांना कळेल, आणि त्यासोबत ही, शी, वुई, दे हेही पक्के होतील.

'यू' म्हणजे नुसता 'तू' नव्हे

आता शेवटचा शब्द, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. पुष्कळ ठिकाणी मुलांना 'यू म्हणजे तू' एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. यू म्हणजे तू, तुम्ही आणि आपण, तिन्ही.

तू आणि तुम्ही यांतला फरक काय असतो, हे आपल्या लोकांना व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. पांढऱ्या केसांच्या आपल्या आज्याला गावातल्या शेंबड्या पोराने 'अरे' म्हणावे, नावाचे तुकडे करून हाक मारावी, आणि आज्याने त्या पोरालाही 'मालक' म्हणावे, हे मागच्या पिढ्यांनी सोसले आहे. सर्वनाम हा लहानसा शब्द माणसाला वर बसवतो किंवा खाली बसवतो.

इंग्रजीतही एके काळी असे दोन शब्द होते. एकट्या, जवळच्या किंवा खालच्या मानलेल्या माणसाला 'दाऊ', आणि अनेकांना किंवा मोठ्यांना 'यू'. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या पंथाच्या लोकांनी ठरवले की सगळी माणसे सारखी, तर सगळ्यांना एकच शब्द. ते मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही 'दाऊ' म्हणू लागले. त्यापायी त्यांनी राग ओढवून घेतला, शिव्या आणि मारही खाल्ला. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' नाहीसा झाला आणि सगळ्यांसाठी 'यू' उरला. म्हणजे पूर्वी जो मानाचा शब्द होता तोच सर्वांच्या वाट्याला आला. सगळे खाली आले नाहीत, सगळे वर गेले.

याचाही एक खेळ आहे. राजा-वजीर-चोर-शिपाई यांच्यासारख्या चिठ्ठ्या कराव्यात. त्यांवर लिहावे : साहेब, शिपाई, आजी, सफाई कामगार, शिक्षिका, लहान भाऊ, दुकानदार. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलून तो माणूस व्हायचे. एका मुलाने सगळ्यांसमोर जाऊन आधी मराठीत विचारायचे, कसा आहेस, कशा आहात, कसे आहात. मग इंग्रजीत, 'हाऊ आर यू?' मराठीत प्रत्येकाकडे जाताना वाक्य बदलले, इंग्रजीत बदलले नाही. खेळ संपला की मुलांना विचारावे, मराठीत तुम्ही सफाई कामगाराला काय म्हणालात? शिपायाला? साहेबाला? का? घरात बाबा आईला काय म्हणतात, आणि आई बाबांना काय म्हणते? उत्तर द्यायची घाई करू नये. मुले स्वतःच बोलतील.

इंग्रजी बोलले म्हणजे विषमता गेली, असे मात्र कुणी समजू नये. 'सर' आणि 'मॅडम' त्या भाषेतही आहेतच. शिवाय आपल्या भाषेतही मोठेपणा आहे. 'आम्ही जातो' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, 'आपण जाऊ' म्हटले तर तोही सोबत येतो. इंग्रजीच्या एकट्या 'वुई'ला हा फरक दाखवता येत नाही. मुलाने दोन्ही भाषांची खोली जाणावी, एकीसाठी दुसरीची लाज बाळगू नये. इंग्रजीत सगळ्यांना यू म्हणायला शिकलेले मूल मराठीत सगळ्यांना 'तुम्ही' म्हणू लागले, तर आम्हाला त्यात दुहेरी लाभ दिसतो.

चार सूचना

एक, रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि एका दिवशी एकच खेळ. दोन, आधी कान, मग हात, मग तोंड आणि शेवटी वही, हा क्रम मोडू नये. तीन, मूल चुकले तर हसू नये आणि रागावूही नये. बरोबर वाक्य आपण एकदा म्हणावे आणि खेळ पुढे न्यावा. चार, घरातले एक तरी मोठे माणूस खेळात हवे. येत नसले तरी हवे. किंबहुना येत नसेल तर जास्तच हवे. आई चुकत चुकत 'शी' आणि 'ही' शिकते आहे, हे पाहिलेल्या मुलाला चुकण्याची भीती उरत नाही.

वस्तीतल्या ज्या ताई-दादांची दहावी-बारावी झाली आहे, त्यांनी रविवारी एक तास अभ्यासिकेत द्यावा. लागणारे सामान एवढेच : चिंध्यांचा चेंडू, जुनी चादर, कागदाच्या पट्ट्या, एक रुमाल. महिनाभराने मुलांकडून तक्ता म्हणवून घेऊ नका. त्यांना आपल्या घरच्या माणसांबद्दल इंग्रजीत पाच वाक्ये बोलायला सांगा. बाबांना 'ही', आईला 'शी', घराला 'इट', सगळ्यांना मिळून 'वुई' असे मूल न अडखळता बोलले, की इंग्रजीची पहिली पायरी चढून झाली असे समजावे. दुसरी पायरी ते स्वतःहून मागेल.